सुटला की सोडला

दादा म्हणायचा, "हात सुटला." धाकटा म्हणायचा, "सोडला." एवढ्याशा शब्दावरून दोघा सख्ख्या भावांत वर्षानुवर्षं धड बोलणं नव्हतं, आणि राहायचं मात्र एकाच घरात. धाकट्याची चाकाची खुर्ची न्हाणीच्या उंबऱ्याला अडली की ढकलायला दादाच. उपकार गिळायचे आणि दात-ओठ खायचे, दुसरं करणार काय बिचारा?

दोघंही रंगारी. धाकटा फळीवर बसून इमारतीला बाहेरून रंग मारायचा. गच्चीवर दादा दोर धरायचा, पाइपाला एक वेढा देऊन. एके दिवशी दोरात अडकलेली तुटकी तार दादाच्या बोटात घुसली, मूठ उघडली आणि धाकटा फळीसकट खाली. जीव वाचला, पण कमरेखाली काही उरलं नाही.

हल्ली दादाच्या बोटांना मुंग्या यायच्या, म्हणून तो नसांची तपासणी करायला गेला होता. आला तो धावतच.

"अरे ऐक! बोटाला कडी घालतात, हाताला तारा चिकटवतात. म्हणाले, आवळा मूठ. पडद्यावर रेघ कशी थयथय नाचते! मग बोटाला विजेचा सणसणीत चिमटा, की रेघ सपाट! हाताचे स्नायू एकदम गप्प. तिथल्या बाई म्हणाल्या, कातडीला जबर दुखलं की तिथल्या बारीक नसाच मणक्याला तसा हुकूम काढायला लावतात, डोक्याला विचारतसुद्धा नाहीत. मी जीव खाऊन आवळत होतो रे, तरी गप्प!"

बोलता बोलता त्याला रडू फुटलं. वहिनी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. "म्हणजे सुटलाच होता की हो," ती म्हणाली.

खोटं कशाला बोला, धाकट्यालाही तेच हवं होतं. पाठच्या भावाला दादाने सोडलं, हा विचार उशाशी घेऊन रोज झोपणं काय सोपं असतं? त्याच्या छातीवरचा धोंडा हलला. कधी नव्हे तो त्याने हात पुढे केला. "बघू, कुठलं बोट?"

दादाने बोट दिलं. धाकट्याने ते मुठीत धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं.

"किती वेळ गप्प असतात रे?" त्याने आपलं सहज विचारलं.

"छे, कितीसा! पापणी लवत नाही तोच पुन्हा आवळतात. मी मुद्दाम विचारून घेतलं ना!" दादा खुशीत म्हणाला. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

धाकट्याने बोट सोडलं. सुटलं नाही, सोडलं.

"पाइपाला वेढा होता, दादा. दोर अडत अडत सरकत होता. मी तुला दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला तू कठड्यावरून वाकून बघितलंस." त्याचा आवाज अगदी खाली आला. "बोट तोंडात होतं तुझ्या. चोखत होतास."