काटे आणि आकडे

पुलांचा डॉक्टर, असं जावयाला घरात गमतीनं म्हणत. देशोदेशी जाऊन पूल तपासायचे, दोराला लटकून खांबांच्या भेगा मोजायच्या, हे त्याचं काम. गेल्या महिन्यात खाडीवरच्या एका पुलाखाली त्याचा फोन हातातून निसटला आणि थेट पाण्यात गेला. मग वेळेचा अंदाज चुकला, आणि भरतीचं पाणी छातीला लागलं तेव्हा कुठे तो भानावर आला. सोबत्यांनी वर ओढून घेतलं म्हणून निभावलं. ही हकिकत त्यानं बायकोला हसत हसत सांगितली. ती काही हसली नाही.

"पुढच्या दौऱ्याआधी मनगटावर घड्याळ पाहिजे," तिनं बजावलं. "आणि निवडायला बाबांना घेऊन जा."

"बाबांना कशाला त्रास?"

"तुला चकचकीत वस्तूची भुरळ पडते म्हणून."

सासरे बोटीवर इंजिन फिटर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, माणूस मितभाषी. लग्नाला चार वर्षं होत आली तरी दोघांचं बोलणं 'जेवलात का' आणि 'प्रवास कसा झाला' यापलीकडे गेलं नव्हतं. दुकानापर्यंतच्या रस्त्यातही दोघं मुकाट्यानं पाट्या वाचत चालले.

दुकान चिंचोळं होतं. मालकीणबाई डोळ्याला भिंग लावून बसल्या होत्या. काटेही आणि डिजिटल आकडेही असलेली, दणकट, प्रवासात टिकतील अशी चार घड्याळं त्यांनी कापडावर मांडली. जावयाची नजर एका काळ्याभोर, जाडजूड घड्याळावर खिळली. त्यात होकायंत्र होतं, उंची मोजायची सोय होती, आणखी काय काय होतं.

"हेच," तो म्हणाला.

"छान आहे," सासरे म्हणाले. "कामाचे हातमोजे आहेत पिशवीत?"

होते.

"घाला, आणि गजर लावून दाखवा."

बटणं घड्याळाच्या कडेत पार बुडालेली. जाड मोज्यातल्या बोटाला ती सापडेनात. जावयानं दोनदा भलतंच बटण दाबलं आणि घड्याळ कुठल्या तरी परक्या शहराची वेळ दाखवू लागलं. मालकीणबाईंनी हसू दाबलं.

"कमरेएवढ्या पाण्यात हेच करायचंय तुम्हाला," सासरे म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता.

दुसऱ्या घड्याळात त्यांनी सव्वातीन लावले. दोन्ही काटे बरोबर आकड्यांच्या खिडकीवर जाऊन बसले. त्यांनी ते बाजूला सरकवलं.

तिसरं मात्र त्यांनी स्वतःच्या मनगटावर चढवलं, चष्मा काढून जावयाच्या हातात दिला आणि दुकानाच्या फरशीवर दोन्ही तळवे टेकले.

"बाबा, अहो!"

"थांबा हो जरा."

सत्तरीच्या त्या माणसानं पाच जोर मारले. संथ, नीट, छाती फरशीला लागेपर्यंत. मालकीणबाईंच्या डोळ्यावरचं भिंग गळून पडलं. सासरे उठले, कपडे झटकले आणि हात पुढे केला. घड्याळाच्या कडेची चावी रुतून मनगटाशी लालभडक खळगा पडला होता.

"खांबाला हात टेकलात की दर वेळी हे टोचणार. दोन दिवसांत कंटाळून काढून ठेवाल. खिशातलं घड्याळ काय कामाचं?"

जावई बघतच राहिला. "मी हात कसा टेकतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्ही फोटो पाठवता ना तिला? ती मला दाखवते. मी मोठे करून बघतो. दोराच्या गाठी चांगल्या मारता तुम्ही."

एवढी शाबासकी त्याला साहेबांकडूनही मिळाली नव्हती. त्यानं चष्मा पुसून परत दिला.

उरलेलं चौथं घड्याळ चारांत सगळ्यात साधं होतं. करड्या रंगाचं, मोठी बटणं, रबरी पट्टा. सासऱ्यांनी ओंजळीत अंधार करून काटे चमकतात का ते पाहिलं, मग काटे आणि आकडे ताडून पाहिले.

"दोन्ही कशाला लागतं हो?" जावयानं विचारलं. "वेळ तर एकच."

"बोटीवर एकदा टाकीच्या आत दुरुस्ती चालली होती. आतल्या हवेत वीस मिनिटांच्या वर थांबायचं नाही, असा नियम. माझं घड्याळ मधेच कुठे तरी आपटलं होतं, काटा मागे सरकलेला. मला वाटलं बारा मिनिटं झाली, झाली होती तीस. माझा जोडीदार आतच कोसळला. वाचला बिचारा. मीच ओढून काढला." त्यांनी तबकडीवर बोट ठेवलं. "काट्यांकडे नुसतं बघितलं की किती वेळ उरलाय ते कळतं. आणि आकडे जुळत नसतील तर घड्याळाला मार बसलाय, हेही कळतं. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची."

ही गोष्ट त्यांनी मुलीलाही कधी सांगितली नव्हती. जावयानं करडं घड्याळ तिथंच मनगटावर बांधलं.

महिन्याभरानं, भरती-ओहोटीच्या एका पुलाखाली, गजर वाजला तेव्हा एक भेग मोजायची राहिली होती. सोबती म्हणाला, "पाचच मिनिटं, उरकून टाकू." जावयानं आधी काटे पाहिले, मग आकडे. "नाही. उद्या," म्हणाला आणि दोर ओढला. वर येऊन बूट काढेपर्यंत मघाशी ते उभे होते तो खांबाचा कट्टा पाण्याखाली गेला होता. सोबत्यानं खाली पाहिलं आणि विचारलं, "तुला हे शिकवलं कुणी?"

"सासऱ्यांनी."

त्या संध्याकाळी त्यानं बायकोच्या आधी त्यांना फोन लावला. पाण्याचं सांगितलं, भेगेचं सांगितलं, गाठींचं विचारलं. पाऊण तास झाला तरी दोघांपैकी कुणीच फोन ठेवायचं नाव घेईना.