वाट पाहणाऱ्यांची वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, आणि आता पार थकले आहे. छापखान्यातून निघाले ती थेट अठरा घरांच्या या वसाहतीत आले. इथं सगळ्यांचं स्वयंपाकघर एक, जेवणाची खोली एक. घर विकायचं झालं तर बाहेर परस्पर विकायचं नाही. माझ्यात घरासाठी थांबलेल्यांची यादी; तिच्यात ज्याचं नाव सगळ्यांत वर, त्याला आधी विचारायचं.

सुरुवातीला माझा थाट काय सांगू. लोक हात पुसून मला उघडायचे. पुढे मी कपाटात पडले आणि वर्षातून एकदाच बाहेर निघू लागले. तेव्हा सचिव यादीतल्या प्रत्येकाला फोन करून "घर अजून हवंय ना?" असं विचारत आणि नावापुढे "हवं" किंवा "नको" लिहीत.

यादीत अकरा वर्षं एक शिवणकाम करणारी मावशी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. जिने चढून गुडघे गेले होते, म्हणून तिला तळमजल्याचं घर हवं होतं. दर महिन्याला इथं येऊन ती आमच्या माणसांबरोबर भाजी चिरायची. जेवणाच्या खोलीचे पडदे तिनेच शिवलेत. सरकत सरकत ती पहिल्या नंबरावर आली आणि नेमकं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिचं येणं थांबलं.

त्याच वर्षी सचिव बदलले. गृहस्थ चांगले, पण सदा घाईत. त्यांनी फोन केला. मावशी म्हणाली, "नको कसं म्हणेन?" त्यांनी पहिला शब्द ऐकला, "नको" लिहिलं आणि नाव खोडलं. माझा जीव तुटला, पण वहीला तोंड कुठे असतं?

महिन्याभरात तळमजल्याचं घर निघालं आणि दुसऱ्या नंबरच्या जोडप्याला गेलं. मावशी काठी टेकत आली.

"तुम्हीच नको म्हणालात," सचिव म्हणाले.

"अहो, 'नको कसं म्हणेन' म्हणाले मी. पुढचं कुठं गेलं?"

सचिवांचा चेहरा उतरला. त्यांनी माफी मागितली, तिचं नाव पुन्हा सगळ्यांत वर लिहिलं. पण इथं तळमजल्याचं घर पाच-सहा वर्षांतून एखादं निघतं.

"लिहा," मावशी म्हणाली. "तोवर मी टिकले म्हणजे झालं."

मित्रांनो, मला नवं कव्हर घाला, जपून ठेवा, असं काही मी मागत नाही. कुणाचं नाव खोडण्याआधी त्याला वाक्य तेवढं पुरं करू द्या.