नव्वद हजारची सही

"हे पुस्तक कुणी भरलंय?" मिस्त्रींनी विचारलं.

गाड्यांचा दलाल हसला. "कुणी म्हणजे? सर्व्हिसचं पुस्तक आहे, काका. सहा वर्षं, सहा शिक्के. आणखी काय पाहिजे?"

"सहा वर्षांत शाई एकदाही फिकी पडली नाही? सह्या तीन माणसांच्या आणि अक्षर एकाचंच? एका बैठकीत उरकलंय सगळं." मिस्त्रींनी पुस्तक बॉनेटवर आपटलं. "खोट्या शिक्क्याच्या भरवशावर माणूस गाडीत लेकरं बसवतो. लाज वाटली पाहिजे!"

दलालाचं तोंड एवढंसं झालं. मुलीने बापाचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं. तिला हसू येत होतं आणि अभिमानही वाटत होता.

वर्कशॉपात त्यांना सगळे नाडीमिस्त्री म्हणत. चालू इंजिनावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी जुनी गाडी घेणारा माणूस आधी त्यांचं दार ठोठावायचा. ते 'घे' म्हणाले की घ्यायची, 'नको' म्हणाले की विषय संपला. तीस वर्षांत कमावलं काय, तर हेच.

मुलगी इस्पितळात एक्स-रे काढायची. लहानपणापासून तिला एकच गाडी हवी होती. दिसायला घरगुती, आखूडशी, पण पाय दाबला की उधळणारी. मूर्ती लहान, कीर्ती महान. ही गाडी दोन पिढ्यांत मिळत होती. नव्या पिढीत टर्बो, मोठा पडदा, सतरा बटणं. जुन्या पिढीत यातलं काही नाही, पण ती अंगाने हलकी आणि स्टिअरिंगला खरी. मुलीचा जीव नव्या पिढीवर होता. मिस्त्रींचं म्हणणं, पिढी मागाहून बघू, आधी पुस्तक बघू.

"नवी तर बारगळली," ती रस्त्यात म्हणाली. "आता जुनी. तुम्ही सांगाल तसं. माणसांच्या आत बघायचं काम माझं, गाड्यांच्या आत बघायचं तुमचं."

जुन्या पिढीची निळी गाडी एका बाईंच्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान दीड वर्षापूर्वी गेले, तेव्हापासून गाडी शेजाऱ्याने आठवड्यातून एकदा सुरू करून ठेवण्यापुरतीच. बाईंनी चावीच्या आधी पुस्तक पुढे केलं. पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं होतं.

"ह्यांनी एक पावती टाकली नाही," बाई म्हणाल्या. "मला म्हणायचे, माझी कुंडली हरवली तरी चालेल, हिची नको."

मिस्त्रींनी गाडी सुरू करून इंजिनावर तळहात ठेवला. सोळा वर्षांची, एक लाख बावन्न हजार किलोमीटर चाललेली, आणि नाडी कशी घड्याळासारखी! त्यांचा चेहरा खुलला. अशा निळ्या गाड्या त्यांच्या हाताखालून डझनभर गेल्या होत्या. इंजिन बंद करून ते पुस्तक चाळायला लागले. वेगवेगळी शाई, वेगवेगळी अक्षरं, एका पानावर ग्रीसचं बोटही उमटलेलं. खरं पुस्तक असं असतं.

मुलगी खांद्यावरून वाकून बघत होती. एकदम ओरडली, "बाबा! ही तर तुमची सही!"

नव्वद हजार किलोमीटर. टायमिंगचा पट्टा बदलला. खाली शिक्का आणि शेपटी ओढलेली ती सही. तिच्या प्रगतिपुस्तकांवर हीच सही असायची.

"म्हणजे ते तुम्हीच का?" बाईंना कोण आनंद झाला. "हे म्हणायचे, या माणसाने सही केलीय, आता एक लाख ऐंशी हजारपर्यंत पट्ट्याकडे बघायचं कारण नाही."

"मग आणखी काय तपासायचं?" मुलीने टाळी वाजवली. "घेतली!"

 मिस्त्रींची नजर सहीखालच्या तारखेवर खिळली होती. ती तारीख त्यांच्या काळजात रुतून बसलेली होती. गाडीचा नंबर विसरला होता, रंग विसरला होता, तारीख मात्र नाही.

वर्कशॉपात एक वाईट रीत होती. गर्दीच्या दिवसांत पुस्तकं सकाळीच भरायची, म्हणजे संध्याकाळी गिऱ्हाईक खोळंबत नाही. आधी शिक्का, मग पाना. त्या दिवशी अकराला शाळेतून फोन आला, मुलगी झोपाळ्यावरून पडली, हात मोडला. मिस्त्री हातही न धुता धावले. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर गाडी गेलेली. नवा पट्टा खोक्यात तसाच. सुपरवायझर म्हणाला, "आता फोन करून अब्रू घालवायची का? पुढच्या खेपेला घालू." पुढच्या खेपेला गाडी दुसऱ्याच्या हाताखाली गेली, आणि मिस्त्री गप्प बसले. अकरा वर्षं गप्प बसले.

मागून कुणी बदललाही असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. पट्ट्यावरच्या झाकणाच्या दोन क्लिपा काढल्या आणि खिशातल्या बॅटरीचा उजेड आत टाकला. पट्ट्याच्या पाठीवर कारखान्यात छापलेला सालाचा आकडा पुसट दिसत होता. सोळा वर्षांपूर्वीचा. कडेला भेगाच भेगा.

"तुम्ही पोराबाळांना घेऊन जायचात का हिच्यातून?" त्यांनी बाईंना विचारलं. आपण हे का विचारतोय, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

"दर रविवारी! डोंगरापलीकडे सासूबाई असायच्या. तिघं नातवंडं मागे, गाणी म्हणत."

भर चढावर, मागे लॉरी असताना हा पट्टा तुटला असता, तर इंजिन जागीच मेलं असतं.  मिस्त्री शेडमधल्या स्टुलावर बसले.

सुटायला वाट होती. 'पट्टा वयाने जुना झालाय, बदलून घेऊ,' एवढं म्हटलं असतं की संपलं. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. मुलगी समोर उभी होती, डोळ्यांत नेहमीचा तो भरवसा घेऊन. त्या भरवशाचीच त्यांना भीती वाटली.

"हा पट्टा मी बदललाच नाही," ते म्हणाले. "सही खोटी आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. फोन, शाळा, खोकं, सुपरवायझर. काही राखून ठेवलं नाही.

"म्हणजे माझ्यामुळे..." मुलीचा आवाज चिरकला.

"नाही. हात तुझा मोडला होता. सही माझ्या धडधाकट हाताने केली होती. आणि दुसऱ्या दिवशी फोनही त्याच हाताने करता आला असता."

बाईंनी गाडीच्या मागच्या सीटकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हे असते तर तुम्हाला चांगलं झापलं असतं, आणि मग चहा पाजला असता. मला झापता येत नाही. चहा टाकते."

मिस्त्रींनी चहाचा कप बाजूला ठेवला. त्यांनी बाईंकडे पेन मागितलं, नव्वद हजारची नोंद एका रेघेने खोडली आणि शेजारी लिहिलं, 'काम केले नाही.' खाली पुन्हा तीच शेपटीवाली सही केली. मग घरून हत्यारं आणली. नवा पट्टा मुलगी दुकानातून घेऊन आली.  परत आल्यापासून ते मागतील तो पाना ती हातात देत होती, एवढंच.

काम संपायला ऊन कलतीला लागलं. मिस्त्रींनी इंजिन आधी हाताने दोन फेरे फिरवलं, खुणा जुळल्याची खात्री केली. मग चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. त्यांनी तळहात ठेवला, पण डोळे मिटले नाहीत.

"घ्यायची का मग?" मुलीने विचारलं.

"गाडी चांगली आहे. दलालाच्या त्या नव्या पिढीपेक्षा कितीतरी चांगली. पण माझ्या शब्दावर घेऊ नकोस." त्यांनी इंजिन बंद केलं. "वरचं झाकण लावलेलं नाही. पुस्तकही भरलेलं नाही. आधी बघ."

ती क्षणभर घुटमळली. ती म्हणेल, 'बाबा, तुम्ही केलंय ना, मग मी काय बघायचं?' असं त्यांना वाटलं. तिने तेच म्हणावं, अशी एक वेडी आशाही मनात होती.

तिने बॅटरी घेतली. एक्स-रेची फिल्म उजेडावर धरून बघावी तशी डोळे बारीक करून ती वाकली आणि पट्ट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला. एकदा वाचला. मग बॅटरीचा कोन बदलून पुन्हा वाचला.

"नवा आहे," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली, फडक्याला हात पुसले आणि पेन उचललं.