अकरा पानांचा घास

मित्रांनो, ताईला नोकरी लागली. आता हे वाक्य विसरा. मी काही बोललोच नाही. ताई अजून घरीच आहे, तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर आहे आणि ती माझ्याकडे बघते आहे.

मी एक जुना स्टेपलर आहे. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे प्रत्येक बाळाला पहिल्याच दिवशी पुठ्ठा चावायला देत. चावला की पास. माझं शिक्षण तेवढंच. पुढे मी एका शाळेच्या कचेरीत लागलो. ताईचे बाबा तिथे कारकून होते. आम्ही दोघांनी मिळून गुणपत्रिका टाचल्या, दाखले टाचले, पालकांच्या तक्रारी टाचल्या आणि त्या तक्रारींविरुद्धच्या तक्रारीही टाचल्या. "हा कधी अडकत नाही," असं बाबा माझ्याबद्दल सगळ्यांना सांगत. बाबांबद्दल तसं कोणी सांगत नसे. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं त्यांना घड्याळ दिलं आणि त्यांनी मला खिशात घातलं. ती चोरी नव्हती, माया होती.

घरी आल्यावर मात्र मी खणात पडलो. शेजारी संपलेले सेल आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली. ती फार तोऱ्यात असे.

ताई लिफ्ट दुरुस्त करायची. तिची कंपनी बंद पडली आणि ती घरी बसली. बसली म्हणजे नावाला. चांगला चालणारा मिक्सर तिनं खोलला. दारावरची घंटा खोलली, तेव्हापासून ती घराच्या आतून दाबावी लागते. ताईला काम मिळणं हा आता घरातल्या प्रत्येक वस्तूच्या जिवाचा प्रश्न झाला होता.

अशात एका मोठ्या इस्पितळाला लिफ्ट सांभाळणारं माणूस हवं असल्याचं कळलं. ताईनं बायोडेटा लिहिला. दोन पानं झाली. आणि घात असा, की त्याच दिवशी मामा आले.

"दोन पानं?" मामा म्हणाले. "डोकेदुखीच्या गोळीबरोबर याहून मोठा कागद मिळतो. वजन पाहिजे, वजन."

"लिफ्ट दुरुस्त करायचीय मामा, तोलायची नाही."

पण ताई मनातून घाबरलेली होती. दहा वर्षांचं काम दोन पानांत आटपलं याची तिला लाज वाटत होती. म्हणून तिनं हो म्हटलं. मग बाबांनी शाळेचं पान जोडलं. त्यात तिसरीतल्या सावकाश सायकल शर्यतीचा दुसरा क्रमांक होता. मामांनी मानवजातीनं जिने चढण्याचा इतिहास जोडला. तो बरीच पानं चढत गेला. शेवटचं पान 'ओळख देणारी व्यक्ती', म्हणजे मामा स्वतः. त्यावर त्यांचा फोटोही होता. ताईचा कुठेच नव्हता.

अशी अकरा पानं माझ्या जबड्यात कोंबली गेली. जुन्या जबड्यात इतका घास मावत नाही, मित्रांनो. पिन अर्ध्यात वाकली. मामांनी मला बुक्की मारली. परत मारली. माझ्या तोंडाला फेसच यायचा, पण आमच्या तोंडात पिनांशिवाय काही नसतं.

"बिघडलाय हा," मामा म्हणाले. "खोल याला."

ताईनं स्क्रूड्रायव्हर उचलला. मी डोळे मिटले असते. तिनं मला उलटं केलं, सुलटं केलं, वाकडी पिन काढली आणि खाली ठेवलं.

"बिघडलेला नाही. ओव्हरलोड झालाय."

"मग काय करायचं?"

"लिफ्टमध्ये करतात तेच. शेवटी चढलेला आधी उतरतो."

सगळ्यांनी शेवटचं पान पाहिलं.

"तो मी आहे," मामा म्हणाले.

"उतरा."

मामा उतरले. मागोमाग त्यांचा इतिहास एकेक पायरी उतरला. मधेच कुठेतरी मी सहज मिटू शकलो असतो, पण ताई थांबेना. बाबांनी स्वतःहून सायकल शर्यत काढून घेतली. उरली तिचीच दोन पानं: काय काय दुरुस्त केलं आणि माणसं अडकली तर ती काय करते.

"एवढंच राहिलं, बाबा," ताई हळूच म्हणाली.

"एवढं तरी आहे. माझं एका ओळीत आटपतं. शाळेत होतो."

"त्याला तर स्टेपलरही लागत नाही," मामा म्हणाले.

ताई हसली आणि तिनं मला दाबलं. क्लिक. तसा आवाज माझ्या तोंडून कैक वर्षांत निघाला नव्हता.

इस्पितळातून ती परतली तेव्हा सगळे दारातच उभे होते, कारण घंटा दाबायलाही कोणीतरी आत लागतंच.

"वाचलं का त्यांनी?" बाबांनी विचारलं.

"दोन्ही पानं, उभ्याउभ्याच. मग म्हणाले, माणसं अडकली की आधी त्यांच्याशी बोलता आणि मग मशीनकडे वळता, असं लिहिलंय, ते खरं का? मी म्हटलं, हो. सोमवारपासून या म्हणाले."

"आणि बाकीचे उमेदवार?"

"एकाचा बायोडेटा ते सकाळपासून वाचतायत. मी निघाले तेव्हा तो बालवाडीत होता."

बाबा खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मिक्सरचं मला माहीत नाही, पण माझी स्प्रिंग सैल झाली ती आनंदानं. मामांनी उतरवलेली नऊ पानं गोळा करून पिशवीत भरली. आत्मचरित्राला उपयोगी पडतील म्हणाले, टाचायला इकडेच येतो म्हणाले.

तरी माझी संबंधितांना नम्र विनंती की, लिफ्टसाठी असतो तसा स्टेपलरांसाठीही स्वतंत्र निरीक्षक नेमण्यात यावा. त्यानं वर्षातून एकदा घरी यावं, जबडा तपासावा, 'ठीक' असा शेरा मारून सही करावी आणि ज्या घरात मामा येतात, तिथे दोनदा यावं.