व्हाळापलीकडची जागा

“हमदुल्लाभाई, हा तुकडा उडवा,” निखिल खुर्चीमागून म्हणाला. “क्लायंटला नवी हद्द पाहिजे.”

हमदुल्लानं चष्मा कपाळावर ढकलला. पडद्यावर इंग्लंडमधला एक खेडवळ जिल्हा पसरला होता. त्यात पॅरिशच्या हद्दी. पॅरिश म्हणजे एका चर्चची गावकी, असं निखिलनं त्याला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. अशा काही पॅरिश मिळून हंड्रेड नावाचा विभाग, आपल्या तालुक्यासारखा. हे जुने नकाशे स्कॅन होऊन दुबईत यायचे आणि हमदुल्ला त्यांच्या हद्दी माउसनं गिरवायचा. ती गावं बघायचा योग त्याच्या नशिबात नव्हता. आता तर बघावंसंही वाटत नव्हतं. डोळे दुखायचे, मान दुखायची, आणि इंग्रजांच्या ओढ्यांना वळणं फार.

निखिल म्हणत होता तो तुकडा एका पॅरिशचा होता, पण पडला होता दुसरीच्या पोटात. मामाकडे वाढायला ठेवलेल्या पोरासारखा. तिथली माणसं म्हणे आपली मयत शेजारच्या गावातून वाट काढत आपल्याच चर्चकडे न्यायची, आणि मधलं गाव त्यांना वाट द्यायचं. पुढे सरकारनं असे तुकडे ज्याच्या पोटात त्याच्या पदरात टाकले आणि नकाशा साफ केला.

“जुन्या नकाशात आहे ना, राहू दे की,” हमदुल्ला म्हणाला.

“जुन्यात आहे, नव्यात नाही. यल्ला, चला लवकर, लंचच्या आधी पाठवायचंय.”

तेवढ्यात फोन थरथरला. घरून त्याची बायको जहांआरा होती. ती रडत होती, म्हणून त्याला पहिल्यांदा कळेचना.

“गावाहून फोन आला. अम्मी गेली हो.”

त्याची आई मैमुनाबी बरेच महिने अंथरुणाला खिळली होती. बातमी आज ना उद्या येणारच होती, तरी ती आल्यावर हमदुल्ला आधी विमानांच्या वेळा बघायला लागला. तो एकुलता एक मुलगा. विमान धरलं तरी मुंबईहून पुढे रत्नागिरीकडे अख्खा दिवस, आणि एप्रिलच्या उन्हात मयत ठेवायची सोय गावात नाही. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर दफन करायचं, असं घरच्यांनी ठरवलं होतं. हमदुल्लाला ते एकच विचारत होते, कुठे?

आणि खरं दुखणं तिथंच होतं. गावात दोन मोहल्ले, वरचा आणि खालचा, मधून वाहणारा व्हाळ. दोघांची जमात, म्हणजे मशिदीची पंचायत, एकच होती. मग ममझर पार्कातल्या वार्षिक जेवणात बिर्याणीची पहिली परात कुठल्या मोहल्ल्याकडे गेली यावरून दुबईत जुंपली आणि गावात जमातीची दोन शकलं झाली. गावचा पैसा दुबईत, तेव्हा गावची अक्कलही दुबईतच. वाटणीची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी हमदुल्लाला पुढे केलं. तो नकाशेवाला! त्यानं एका दुपारी गावचा नकाशा उघडला आणि व्हाळावरून रेघ ओढून दिली. इंग्रजही हद्दी ओढ्यांवरूनच ओढायचे. भांडण मिटल्याचं समाधान वाटून तो त्या दिवशी पोटभर जेवलाही होता. जुनं कब्रस्तान व्हाळापलीकडे, खालच्या मोहल्ल्यात गेलं. हमदुल्लाच्या वरच्या मोहल्ल्यानं सड्यावर, उघड्या कातळमाळावर, नवीन केलं.

अब्बा जुन्या कब्रस्तानात होते, उंडीच्या झाडाखाली. अम्मी दर सुट्टीत बजावायची, “मला त्या सड्यावर नको हां नेऊ. तिथं कातळ हाय नुस्ता. सावली नाय, मानूस नाय. तुझ्या अब्बाजवळ ठेव.” दर वेळी तो म्हणायचा, “इन्शाल्ला, अम्मी.” इन्शाल्ला म्हटलं की विषय पुढच्या वर्षावर जातो.

निखिलला सांगून तो टॅक्सीनं शारजाला निघाला. खालच्या जमातीचा अध्यक्ष उमर तिथं टायरचं दुकान चालवत होता. फोनवर नकार देणं सोपं असतं, म्हणून तो स्वतः गेला.

उमरनं त्याला बघताच हातातला पाना खाली ठेवला. “इन्ना लिल्लाही... मला कळलं. बस, हमदू. पानी पी.”

“उमरभाई, अम्मीला अब्बाशेजारी जागा द्या.”

उमरनं फडक्याला हात पुसले. “तुझ्या अम्मीच्या हातची सांदनं खाऊन मी मोठा झालोय. पन जमातीचं काय करू? मागच्या साली तुमच्याच कासमचाचाच्या मयतीला नाय म्हटलं. आज हो म्हटलं तर आमचेच लोक मला फाडून खातील. ज्याचा मोहल्ला, त्याचं कब्रस्तान. रेघ तूच मारलीस ना?”

“मारली. चुकली.”

“मग तेव्हा बोलायचं ना हबीबी.”

मघाशी पडद्यावर उडवायचा राहिलेला तुकडा हमदुल्लाला आठवला आणि तो भडाभडा बोलत सुटला. “मी गोऱ्यांची गावं काढतो उमरभाई. त्यांच्यात एका गावचा तुकडा दुसऱ्या गावात असायचा. दुसऱ्याच्या जमिनीतून मयत न्यायचे, कोण अडवत नव्हतं. मला तुकडा नको, जमीन नको. एक कबर द्या. माझी अम्मी आहे हो.” दुकानातली माणसं दुसरीकडे बघू लागली.

उमर फोन घेऊन बाहेर गेला. उन्हात फेऱ्या मारत, कुणावर ओरडत, कुणाची विनवणी करत राहिला. आत आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“ऐक. मैमुनाबी लग्नाआधी खालच्या मोहल्ल्याची. आमची लेक म्हनून घेतो. तुमच्या जमातीची म्हनून नाय.”

“घ्या. कशीही घ्या.”

“पूरा ऐक. लेक आमची, तर खांदा पन आमचा. तुमची मानसं व्हाळापर्यंत. तिथून पुढे तिचे भाचे आनि आमचे लोक. तुमच्यातला एकपन मानूस पलीकडे येनार नाय. येवढ्यावर सगळे तयार झालेत. याच्यापुढे माझं चालत नाय.”

चाळीस वर्षं ज्यांच्या उंबऱ्यात ती बसली-उठली, ती माणसं तिला कबरीपर्यंत पोचवणार नव्हती. पण सड्यावर कातळ होता, आणि वेळ नव्हता.

“चालेल,” हमदुल्ला म्हणाला. त्यानंच गावी फोन लावला आणि आपल्या माणसांना व्हाळाशी थांबायला सांगितलं. पलीकडून कुणीतरी “बरं” म्हणालं.

संध्याकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरात तो सोफ्यावर बसून होता. जहांआरानं केलेला चहा निवून गेला. फोनवर गावाहून व्हिडिओ आला, तशी त्याची मुलगी एमान शेजारी येऊन टेकली. ती इथंच वाढलेली. आजीचं गाव तिला मे महिन्यापुरतं ठाऊक.

व्हिडिओत जनाजा पाणंदीतून उतरत होता. वरच्या मोहल्ल्याचे सगळे पुरुष होते, भराभर खांदे बदलत. कासमचाचाचा म्हातारा झालेला धाकटा भाऊसुद्धा काठी टेकत आला होता. व्हाळाशी सगळे थांबले. पलीकडून खालच्या मोहल्ल्याची माणसं पात्रात आली आणि डोकी खाली घालून उभी राहिली. जनाजा या खांद्यांवरून त्या खांद्यांवर गेला. मग तो पलीकडे चढला, आणि वरची माणसं टोप्या सावरत अलीकडेच उभी राहिली. मोबाइल अलीकडच्या माणसाचा होता, त्यामुळे झाडांआड गेलेली अम्मी पुढे दिसली नाही.

एमाननं डोळे पुसले आणि पडदा जवळ घेऊन पाहिलं.

“अब्बा, देअर इज नो वॉटर. व्हाय डोन्ट दे जस्ट क्रॉस?”

एप्रिलचा व्हाळ होता. पात्रात नुसते पांढरे धोंडे होते, आणि एक शेळी या काठावरून त्या काठावर निवांत चालत गेली. हमदुल्लानं फोन तिच्या हातातून घेतला आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला. जनाजा पाणंदीत होता. अजून सगळे बरोबर होते.