लहरी ओढणारं कडं

"लागला! लागला!"

आगाशी गावातल्या एका हॉलमध्ये माणसं बाकांवर चढून बघत होती. समोरच्या गादीच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. त्याच्या मांडीवरल्या तांब्याच्या कड्यातला हिरवा मणी पेटला होता. ना वायर, ना बॅटरी.

"टॉवरच्या लहरी रक्तात साचतात, त्यांचीच साखर होते," जितेंद्राचार्य माइकवर सांगत होते. "कडं त्या ओढतं, त्यांची वीज करतं. मणी विझला की रोग गेला! औषधं मात्र बंद हवीत. गोळीने लहर चिडते."

लहर चिडते म्हणे! तरी टाळ्या पडल्या.

मागच्या बाकावर चांदीपच्या शकूबाई कोरडे ओठ चाटत होत्या. आचार्यांचं ऐकून त्यांनी चार दिवस इन्शुलिन घेतलं नव्हतं.

"पोरी, पानी दे."

मुलगी स्वप्नालीने बाटली पुढे केली. कितव्यांदा, तिलाही आठवेना. "आई, दवाखान्यात जाऊ. आत्ताच."

"मनी विझू दे. मंग येते."

नंबर आला. शकूबाई खुर्चीत बसल्या, मणी पेटला. पण त्यांना मळमळलं. कडं हातात धरूनच त्या उठल्या, तर दोन पावलांवर मणी विझला. "बरी झाली!" लोक ओरडले. शकूबाई मागे फिरून धपकन पुन्हा खुर्चीत बसल्या. मणी पेटला.

स्वप्नाली वालीवच्या एका कारखान्याच्या गाळ्यात रोज तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळते. तिने आईला बाकावर बसवलं आणि कडं घेऊन थेट खिडकी गाठली. समोर टॉवर दिसत होता. मणी विझलेलाच. मग तिने कडं रिकाम्या खुर्चीवर धरलं. मणी झळाळला.

"आचार्य, खुर्चीलाही डायबेटिस झालाय का?"

"ताई, हात लावू नका! लहर उलटेल!"

तिने गादी उचलली. खाली ताटाएवढी कॉइल. तिची वायर खुर्चीच्या पायातून सतरंजीखाली, आणि तिथून पडद्यामागे. तिने पडदा सारला, तर तिथे आचार्यांचा माणूस बटणावर बोट ठेवून बसला होता.

"या कॉइलमध्ये वीज भराभर उलटसुलट फिरते," स्वप्नाली लोकांना म्हणाली, "म्हणून जवळच्या कड्यात लपवलेल्या तारेतही वीज येते आणि मण्यातला दिवा लागतो. मोबाइलचा बिनवायरचा चार्जर असाच चालतो. हवेतल्या लहरींची वीज करता येते, ते खोटं नाही. पण एवढ्याशा कड्याला ती इतकी थोडी मिळेल की मणी पेटणार नाही. आणि साखरेशी तिचा काही संबंध नाही."

आचार्य मागच्या दाराकडे वळले. लोकांनी वाट अडवली. पुढचं बघायला स्वप्नाली थांबली नाही. रिक्षात आई तिच्या खांद्यावर कलंडली. दवाखान्यात साखर पाचशेच्या वर निघाली. "अर्धा दिवस उशीर झाला असता तर शुद्ध गेली असती," डॉक्टर म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी शकूबाई उठून बसल्या. "उजेड तर खरा होता गं."

"होता, आई. तो येतो कुठून, एवढंच कोणी विचारलं नाही."

तेवढं विचारा. वस्तू आपल्या हातात मागा, ती कुठे धरायची ते तुम्हीच ठरवा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.