सावित्रम्मांचा उजळता पिसारा

सोलापुरातल्या महिला मेळाव्यात मोराचा नाच करायचा, असं कुंभारीच्या सावित्रम्मांनी घरात जाहीर केलं तेव्हा त्यांची साठी उलटली होती आणि गुडघे त्याहून जुने वाटत होते. त्यांची सून दानेश्वरी शाळांच्या गॅदरिंगचे कपडे शिवायची. तिनं निळा घागरा आणि कमरेला बांधायचा पिसारा शिवला. पिसाऱ्यात दिवे लावायचं काम मुलाकडं, विरेशकडं आलं. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं.

"एवढ्या मोटारी भरल्या, पिसाऱ्याचं काय घेऊन बसलात?" म्हणत त्यानं एका दुपारात काम उरकलं.

तालमीत सावित्रम्मा पहिल्यांदा वाकल्या आणि अर्धा पिसारा विझला. पुन्हा वाकल्या, उरलेला गेला.

"लोडशेडिंग झालं की रे!"

"अव्वा, तू जरा कमी वाक की," विरेश आईला म्हणाला.

"व्हय, ताठ मोर नाचवते."

दानेश्वरीनं शिवण उसवली. दुकानातली कडक, एकेरी तार वाकून वाकून कमरेशी तुटली होती.

"तुमच्या मोटारीतली तार एकदा बसली की हलत नाही," ती सासूकडं बघत नवऱ्याला म्हणाली. "आत्या कुठं एका जागी बसतात?"

दुसऱ्या दिवशी विरेश बारीक तारांची मऊ वायर घेऊन आला. या वेळी दोघं एकत्र बसले. त्यानं वायर ताणली तशी दानेश्वरीनं त्याचा हात धरला.

"सैल सोडा. काखेत कापड ढिलं ठेवतो ना आम्ही? नाहीतर हात वर केला की उसवतं."

"बरं. पण तू सुई वायरीत घुसवू नकोस, वरून टाका घाल."

प्रत्येक कथलानं डागलेल्या जोडावर त्यानं प्लास्टिकची नळी चढवली. तिनं मागून कापडाचा तुकडा शिवला, म्हणजे ओढ बसली तर कापडाला बसेल. बॅटरीचा डबा कमरेच्या खिशात सुटा ठेवला, धुताना काढता यावा म्हणून. विरेशनं सगळं ओढून पाहिलं. सावित्रम्मांनी आपल्या परीनं पिसाऱ्याची परीक्षा घेतली: तो लावून अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढले, मग शेजारी विरजणही मागून आल्या.

मेळाव्यात त्या गिरक्या घेत होत्या आणि पिसारा लखलखत होता. मध्येच स्पीकर बंद पडला. सावित्रम्मा थांबल्या नाहीत. बायकांनी टाळ्यांवर ताल धरला. विरेशची नजर मात्र पिसाऱ्याच्या जोडांवरच खिळलेली.

"तारा सोडा, आईच्या तोंडाकडं बघा की जरा," दानेश्वरी कुजबुजली.

त्यानं वर पाहिलं. अव्वा लहान पोरीसारखी हसत होती. त्यानं घाईनं तोंड फिरवलं.

"काय झालं?"

"काही न्हाय. तुझा टाका चांगला बसलाय."

नाच संपताच काशम्मा नावाच्या बाई धावत आल्या. त्यांनाही पुढच्या वेळी असाच पिसारा हवा होता.

"करून दे की रे त्यांना," सावित्रम्मा म्हणाल्या. मग मुलाच्या कानाशी वाकून हळूच, "दिवे तेवढे माझ्यापेक्षा कमी लाव."